मुंबईतल्या बायकांचा इतिहास आपला आपण पायी बघायचाय, मार्ग सुचवा

भिशीवाली_डोंबिवली

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमची भिशी आहे, पस्तिशीपासून सत्तरीपर्यंतच्या बायका. दर ८ मार्चला हॉटेलात जेवण, एकेक गुलाब, एक ग्रुप फोटो, झालं. यंदा सगळ्यांनी एकमताने ठरवलंय की त्या पैशांत मुंबई बघायची, आणि तीही बायकांची मुंबई. इथे बायका शिकल्या, कोर्टात उभ्या राहिल्या, मोर्चे काढले, तुरुंगात गेल्या. त्या जागांवर स्वतःच्या पायांनी जायचंय.

गाइड नकोय. प्रत्येकीने एका ठिकाणाची माहिती घरून वाचून यायची आणि तिथे उभं राहून बाकीच्यांना सांगायची, असं डोक्यात आहे. आमच्यातल्या काही जणी आयुष्यात कधी चारचौघींसमोर बोललेल्या नाहीत, म्हणून मला हे फार व्हावंसं वाटतंय.

माहिती शोधायला बसले तर फोर्टच्या इमारती कोणी बांधल्या आणि त्यांची शैली कुठली, एवढंच मिळतं. बाई दिसते ती दगडातली. सीएसएमटीच्या घुमटावर मशाल घेतलेली ‘प्रगती’, फाउंटनला फ्लोरा देवी. नावगाव असलेली, खरी बाई कुठल्या रस्त्याला भेटेल?

दोघींचे गुडघे दुखतात, तेव्हा एका दमात तीन तासांच्या वर नको. आणि वाटेत स्वच्छतागृह कुठे, हेही सांगा. आम्हा बायकांची निम्मी सहल त्यावरच ठरते.

निवृत्त_स्टेनो

ताई, माझी सगळी नोकरी फोर्टात झाली, वकिलांच्या कचेऱ्यांत. हायकोर्टावरून रोजचं जाणं-येणं. याच इमारतीत रखमाबाईंचा खटला उभा राहिला होता, हे मला एका ज्येष्ठ वकीलबाईंनी सांगितलं आणि त्या दिवसापासून तिथून नुसतं चालत जाणं मला जमलेलं नाही. म्हणून सांगते, इमारती गोळा करत फिरू नका. एक बाई धरा आणि तिच्या मागे चाला. फोर्टात ती बाई डॉ. रखमाबाई.

सीएसएमटीला उतरा. समोर महापालिका. १९५६ साली सुलोचना मोदी मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या, तेवढं सांगून पुढे निघा. महापालिका मार्गानेच चालत कामा रुग्णालय गाठा. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ साली हे उभं राहिलं, बायका-मुलांसाठी आणि बायकांच्याच हाती चालणारं. पुरुष डॉक्टरने नाडीला हात लावण्यापेक्षा मरण पत्करलेलं बरं, असं मानणारी घरं तेव्हा ढिगाने होती. इथल्या कामासाठी डॉ. एडिथ पीची १८८३ साली इंग्लंडहून मुंबईला आल्या. एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी झगडलेल्या सात जणींपैकी त्या एक. रखमाबाईंना डॉक्टर व्हायला बळ देणाऱ्यांत त्या पुढे होत्या. इतिहास १८८६ वर थांबवूही नका. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री याच रुग्णालयात ड्यूटीवरच्या एका परिचारिकेने २० गरोदर बायकांना सुरक्षित जागी हलवून वाचवलं. रुग्णालय चालू आहे, बाळंतिणींची ये-जा असते, तेव्हा फाटकाबाहेरच बोला.

तिथून आझाद मैदानाच्या कडेने हजारीमल सोमाणी मार्गावर या. माणकजी करसेटजींनी १८६३ साली मुलींसाठी काढलेली अलेक्झांड्रा शाळा इथे आहे. मग हुतात्मा चौक ओलांडून हायकोर्टाच्या मागच्या अंगाला, ओव्हल मैदानाच्या फुटपाथवर. इथे वेळ काढा. सावली आहे, मैदानाच्या कडेला टेकता येतं, कोर्टाची आणि विद्यापीठाची इमारत एका नजरेत येते.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. त्या सावत्र वडिलांकडे, डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच वाढल्या, शिकल्या आणि नवऱ्याकडे जायला त्यांनी नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. जिचा संसार मुळात सुरूच झाला नाही, तिला जबरदस्तीने नांदायला कसं पाठवायचं, हा त्यांच्या निकालाचा गाभा. अपील झालं, प्रकरण परत आलं आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रं या खटल्याने पेटली होती. टिळकांचा ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता, हेही तुमच्यातल्या कोणीतरी न कचरता सांगा. रखमाबाईंनी स्वतः ‘अ हिंदू लेडी’ या सहीने टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहून बालविवाहावर तोफ डागली होती. शेवटी १८८८ साली २,००० रुपये देऊन तडजोड झाली. त्या लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या, परत आल्यावर काही काळ कामा रुग्णालयातच काम केलं आणि पुढची सगळी नोकरी सुरत-राजकोटच्या बायकांसाठी केली. १९५५ साली मुंबईतच गेल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे या खटल्याने उठवलेलं वादळही होतं.

त्याच हायकोर्टात १९२० च्या दशकात मिठन टाटा (पुढे लाम) वकिलीला उभ्या राहिल्या, इथे वकिली करणारी पहिली बाई. माझ्या वेळेला बाररूममध्ये वकीलबाई दिसायच्या त्या या वाटेने आल्या.

राजाबाई टॉवरला फार वेळ घालवू नका. प्रेमचंद रायचंदांनी आईचं नाव दिलं, १८७८ साली मनोरा झाला. पण त्या बाईने काय केलं याचा तिथे पत्ता लागत नाही. ओव्हल ओलांडून चर्चगेट, आणि शेवट एसएनडीटीशी. कर्व्यांनी १९१६ साली पुण्यात काढलेलं महिला विद्यापीठ १९३६ साली इथे आलं. खाऊगल्ली शेजारीच आहे. स्वच्छतागृह सीएसएमटीला आणि चर्चगेटला स्टेशनात. मध्ये कशावर विसंबू नका.

माहीमकर

स्टेनो ताईंशी एका बाबतीत जमत नाही. देणगीदार बायका अशा वगळू नका. आमचा एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेटजी रोड. माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये खाडी होती, पावसाळ्यात नावा उलटून माणसं जायची, सरकार खर्चाला तयार नव्हतं. अवाबाई जमशेटजींनी १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली की या रस्त्यावर कोणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ साली कॉजवे सुरू झाला. पैसा सासरचा असेल, अट त्यांची होती. टोलचा विचार करणारी बाई शहराच्या इतिहासात मोजायची नाही, हे मला पटत नाही.

तसंच परळचं वाडिया रुग्णालय आणि पारशी बागा. लालबागची नवरोज बाग, खुसरो बाग, रुस्तम बाग, या जेरबाई वाडियांनी आणि त्यांच्या ट्रस्टने गरजू पारशी कुटुंबांसाठी उभ्या केल्या.

निवृत्त_स्टेनो

अवाबाईंचं मान्य. अट घालणारी बाई ही माहिती झाली, ती जरूर सांगा. माझं म्हणणं फक्त नुसत्या नावाच्या पाट्यांपुरतं होतं.

ठाकूरद्वार_नाका

गिरगाव-गावदेवीची वाट मी सांगतो. ही माझ्या मते सगळ्यांत भरगच्च आणि गुडघ्यांनाही सोपी, सगळं सपाटीवर.

चर्नी रोडला उतरून गिरगावात या. १५ मार्च १९५९ ला इथल्या लोहाणा निवासच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तेच लिज्जत. भिशीवाल्या बायकांना मी वेगळं काय सांगू, सात जणींचा हिशोब आणि एकमेकींवरचा विश्वास यातून काय उभं राहतं ते. तुमच्यातल्या सत्तरीच्या ताईंना ही जागा सांगायला द्या. फक्त वर चढू नका, लोकांची घरं आहेत.

ऑपेरा हाउसच्या बाजूला अवंतिकाबाई गोखले मार्ग आहे. या बाईंनी १९१७ साली चंपारणात गांधीजींसोबत काम केलं, १९१८ साली गांधीजींचं मराठीतलं पहिलं चरित्र लिहिलं आणि त्याच वर्षी गिरगावात हिंद महिला समाज काढला. या रस्त्यावरून रोज हजारो माणसं जातात, पण त्या कोण हे विचारा, दहातले नऊ गप्प बसतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मग चौपाटी. विल्सन कॉलेजच्या आसपासच्या परिसरात ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई होत्या, बालविधवा. त्याच पुढे कर्व्यांच्या पत्नी झाल्या, बाया कर्वे.

विल्सनच्याच विद्यार्थिनी उषा मेहता. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचं वय बावीस. २७ ऑगस्टपासून ४२.३४ मीटरवर त्यांनी आणि साथीदारांनी गुपचूप चालवलेला काँग्रेस रेडिओ बोलायला लागला. पोलिसांना माग लागू नये म्हणून ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलवायचे. १२ नोव्हेंबरला छापा पडला, चार वर्षांची सजा झाली. चौपाटीच्या कठड्यावर बसून हे सांगा. संध्याकाळ असेल तर उत्तम, कारण रेडिओही संध्याकाळीच लागायचा.

तिथून लॅबर्नम रोडवर मणिभवन, गांधीजी मुंबईत उतरायचे ते घर. उषाताईंनी आयुष्याची शेवटची वर्षं याच संस्थेचं काम बघितलं. पुढे गावदेवीत सेवासदन: बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी १९०८ साली काढलेलं, पहिल्या अध्यक्ष रमाबाई रानडे. शेवटी ऑगस्ट क्रांती मैदान. ९ ऑगस्ट १९४२ ला सगळे मोठे पुढारी पहाटेच पकडले गेले होते, मैदानात पोलीस होते आणि झेंडा फडकवला तो अरुणा असफ अलींनी.

भिशीवाली_डोंबिवली

काय सुंदर माहिती दिलीत सगळ्यांनी! मी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. त्यांचं बालपण करी रोडच्या चाळीतलं. म्हणाल्या, “या सगळ्या शिकलेल्या. आमच्याकडच्या बायका कुठल्या रस्त्यावर सापडतील?” मला उत्तर देता आलं नाही. कोणी देईल का?

लालबागची_लेक

मी देते. तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

गिरणगावात बायकांच्या नावाची पाटी शोधाल तर हिरमोड होईल. इथे कामाच्या जागा बघायच्या. गिरण्यांत बायका मुख्यतः वायंडिंग आणि रिळिंग, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यांत असायच्या. १९२८-२९ च्या संपांत उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर यांनी या बायकांना संघटित केलं. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला. रात्रपाळीवर बायकांना आधीच बंदी होती. दोन्ही गोष्टी बायकांच्या भल्याच्या, पण मालकांना त्या महाग वाटायला लागल्या आणि पुढच्या काही दशकांत बायका खात्यांतून कमी कमी होत गेल्या. मग त्या गेल्या कुठे? घरात बसल्या नाहीत. त्यांनी चुली पेटवल्या.

माझी आई खानावळवाली. आमची खोली दहा बाय बारा. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणीकामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायचे, कारण सगळे एकदम आडवे व्हायला जागाच नसायची. त्यांची बायकामुलं गावी. जेवण आमच्यासारख्यांकडे. त्यांना आम्ही मेंबर म्हणायचो. पहिली पाळी सातची, म्हणजे साडेसहाला भाकरी-कालवण तयार पाहिजे. दुसरी साडेतीनची. त्या पाळीची माणसं रात्री बारा वाजता भोंगा झाला की येऊन जेवणार. आई झोपायची कधी, हे मला लहानपणी कळायचं नाही. तिला लिहिता येत नव्हतं. दाराआडच्या भिंतीवर प्रत्येक मेंबरची जागा ठरलेली असायची आणि ज्या दिवशी तो जेवला नाही त्या दिवसाची कोळशाची एक आडवी रेघ. पगार झाला की मेंबर यायचे, आई भिंतीकडे बघून खाडे वजा करायची, तोंडाने हिशोब सांगायची आणि त्यात कधी पैशाचा फरक निघाला नाही. दिवाळीला भिंतींना चुना मारताना तेवढा तुकडा ती सोडायला लावायची.

वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज यांत अशा शेकडो बायका पिचलेल्या. प्रेमाताई पुरव युनियनच्या कामातून त्यांच्यापर्यंत पोचल्या आणि १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सुरुवात चौदा जणींपासून. राष्ट्रीयीकृत बँकेने या बायकांना कर्ज द्यावं, तारण नसताना, सही येत नसताना, हे तेव्हा कोणाला सांगून खरं वाटलं नसतं. ताई, तुम्ही बँकेत असलात तर तुमच्या भिशीतल्या जणींना हे नीट उलगडून सांगा. गटातल्या बायकाच एकमेकींच्या जामीन.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. लोक गिरण्यांच्या भिंतींकडे बोट दाखवून संपाची गोष्ट सांगतात. मी चुलीकडे बोट दाखवते. मेंबरांना पगार नाही, काही गावी गेले, काही राहिले. जे राहिले त्यांना आई जेवू घालत राहिली. तांब्याचा हंडा गेला, पितळेची परात गेली. भिंतीवरच्या रेघा तशाच राहिल्या, त्यांचे पैसे कधी आले नाहीत, आणि कुठल्याही मेंबरबद्दल तिने शेवटपर्यंत वावगा शब्द काढला नाही. अडीच लाख माणसं एवढे दिवस तग धरून राहिली, त्यामागे किती घरांतल्या किती बायका राबल्या हे कुठल्याही फलकावर लिहिलेलं नाही. म्हणून तर चालत येऊन सांगायचं.

वाट अशी घ्या. चिंचपोकळीला किंवा करी रोडला उतरा. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपासून सुरुवात. मार्चमध्ये मिरच्यांचे ढीग लागायला लागतात, डंखावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, मसाला कुटून घ्यायला बायकांच्या रांगा असतात. तो ठसका घेतल्याशिवाय गिरणगाव कळत नाही. मग भारतमाता सिनेमा, आणि तिथून परळकडे. दामोदर हॉलच्या भागात बीआयटी चाळ. पहिल्या क्रमांकाच्या चाळीत, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब आंबेडकरांचं कुटुंब राहायचं. बाबासाहेब परदेशी शिकत असताना रमाईंनी इथला संसार कसा ओढला, पाचांपैकी चार मुलं कशी गमावली, हे त्या गॅलरीखाली उभं राहून सांगा. पुढे ते दादरला राजगृहात गेले आणि १९३५ च्या मे महिन्यात रमाई तिथेच वारल्या. राजगृह हिंदू कॉलनीत आहे, तिथपर्यंत चालण्यापेक्षा बस घ्या.

आणि वाटेत कुठेतरी लाटण्याचा मोर्चा सांगा. १९७२ ला महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीच्या हाकेला बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर, वेगवेगळ्या पक्षांच्या, पण रॉकेल, साखर, रवा यांच्यासाठी एकत्र. मी तेव्हा पोर होते. आमच्या मजल्यावर संध्याकाळी ठरल्या वेळेला थाळ्या वाजायला लागल्या की सगळी चाळ दणाणायची. आईनेही वाजवली होती.

आरे_रोड

मृणालताईंचं नाव निघालं म्हणून. गोरेगाव पश्चिमेला आरे रोडवर केशव गोरे स्मारक आहे, तिथे एक वेगळी चक्कर मारा. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना गोरेगावच्या नळांनी दिलं. १९७७ ला त्या लोकसभेवर गेल्या तेव्हाची “पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात” ही घोषणा आमच्याकडे अजून लोकांच्या तोंडी आहे.

स्वच्छतागृहाबद्दल विचारलंत, तर तोही याच इतिहासाचा भाग आहे. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, याविरुद्ध २०११ पासून मुंबईतल्या बायकांनी ‘राइट टू पी’ चळवळ उभारली. कुठल्या स्टेशनात सोय कशी आहे, स्वच्छ आहे का, पैसे मागतात का, हे तुम्हीही टिपून आणा आणि इथे टाका. पुढच्या गटाला उपयोग होईल.

भिशीवाली_डोंबिवली

ठरलं. ८ मार्चला लालबाग-परळ. गिरगाव एप्रिलच्या भिशीला संध्याकाळी, फोर्ट दिवाळीनंतर. खानावळीचा भाग सासूबाई सांगणार, त्यांनी स्वतःहून मागून घेतलाय. रमाईंचा भाग आमच्यातल्या सर्वांत लहान सुनेने घेतला. लालबागच्या ताई, तुम्ही आमच्याबरोबर चालाल का?

लालबागची_लेक

येते. मला भारतमातापाशी भेटा, सकाळी आठला, ऊन चढायच्या आत. एक लक्षात ठेवा: फास्ट गाडी चिंचपोकळीला आणि करी रोडला थांबत नाही, डोंबिवलीहून स्लोच धरा. रविवार असेल तर आदल्या रात्री मेगाब्लॉक बघून ठेवा. आणि सासूबाईंना विचारून घ्या त्यांची चाळ कुठली, वाटेतच असेल तर आधी तिथे जाऊ.